पाय दाखवा

‘घरबसल्या डॉक्टर’ ही जाहिरात हल्ली जिथे तिथे दिसते. तिच्यातल्या पहिल्याच शब्दाशी माझं भांडण आहे. गेली काही वर्षं आईचे डॉक्टर आमच्याकडे फोनच्या पडद्यावर येतात, आणि ते आले की घरातलं एक माणूस अजिबात बसलेलं नसतं. ते माणूस म्हणजे आमची वहिनी. आजचं हे लिखाण खरं तर तिच्याबद्दलच आहे, पण त्यासाठी थोडं डॉक्टर, थोडं सरकार आणि थोडं आईचे पाय असं सगळं सांगावं लागणार आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कुडाळच्या पुढे आत आमचं गाव आहे तिथे राहते. मी पुण्यात, धाकटा भाऊ न्यू जर्सीत. शेजारच्या घरात चुलतभाऊ आणि वहिनी. आईचं हृदय अशक्त झालंय, म्हणजे पंप चालतो पण जोर कमी. अशा माणसाच्या अंगात पाणी साठत जातं. बहुतेक वेळा आधी पायांवर दिसतं, मग फुप्फुसात जातं. म्हणून लघवीची गोळी, मीठ कमी, आणि रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. डॉक्टरांना लगेच कळवायचं.

पूर्वी दर पंधरा दिवसांनी तिला कुडाळला न्यावं लागे. रिक्षा, नंबर, बाकावर दोन तास, परत रिक्षा. वहिनीचा अर्धा दिवस जायचा आणि आई घरी येऊन दुसरा अर्धा दिवस पडून असायची. एवढं करून संध्याकाळी मी फोनवर विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?” की उत्तर ठरलेलं, “काय नाय गो, गोळी बदलल्यान.” कुठली गोळी, का बदलली, आधीची बंद करायची की दोन्ही घ्यायच्या, सगळा अंधार.

२०२२ पासून डॉक्टर दर मंगळवारी फोनवर बघतात आणि तीन महिन्यांतून एकदा समोर बसवून तपासतात. मंगळवारी पडद्यावर चार चौकोन असतात. डॉक्टर, आई, मी आणि अमेरिकेतला भाऊ (त्याच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते, तो उशी मांडीवर घेऊन बसतो). मला हे फार मोठं वाटतं. आईच्या आजाराबद्दल आम्हा भावंडांची जी भांडणं व्हायची, त्यातली अर्धी तरी ऐकीव माहितीवरून व्हायची. आता दोघं एकच वाक्य एकाच वेळी ऐकतो. भांडतो तरी नीट माहितीवर भांडतो. :)

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघा. रेंज फक्त खळ्यात, तुळशीच्या जवळपास. तिथे वहिनी खुर्ची मांडते, ऊन तोंडावर येणार नाही अशी फिरवते. आई काठाची साडी नेसून, केस विंचरून, पावडर लावून बसते, कारण डॉक्टर येणार. आणि डॉक्टरांनी “कसं आहे?” विचारलं की म्हणते, “माका काय्येक नाय. मी बरी आसंय.” डॉक्टरांसमोर रडगाणं गायचं नाही ही तिच्या पिढीची रीत. पडद्यावर सगळं छान दिसतं. चेहरा टवटवीत, काठ जरीचा.

मग डॉक्टर म्हणतात, “पाय दाखवा.”

इथून वहिनीचं काम सुरू होतं. एका हाताने फोन खाली नेते, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आईच्या नडगीवर दाबते, मनात दहा आकडे मोजते आणि अंगठा उचलते. खड्डा राहतो का, किती खोल राहतो, किती वेळ राहतो. कॅमेऱ्यात हा खड्डा धड दिसत नाही. उजेड वरून पडला तर दिसतच नाही. तेव्हा डॉक्टरांना वहिनीच्या अंगठ्यावर विश्वास ठेवावा लागतो. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “किती मिलिमीटर वाटतं?” वहिनी गप्प. मग म्हणाली, “मळलेल्या पिठात बोट रुतता तसा, पण भाकरीच्या नाय, चपातीच्या.” डॉक्टरांना बरोबर कळलं. आता ते विचारतातच, “आज पीठ कुठलं?”

मग बीपीचं यंत्र, बोटावर ऑक्सिमीटर, वजनाची वही कॅमेऱ्यासमोर धरणं, गोळ्यांची पाकिटं एकेक करून दाखवणं, “ही संपत आली, ही दोनदा की एकदा” हे विचारणं. वीस मिनिटं ती एका पायावर असते. डॉक्टर कुडाळात बसलेले, मी पुण्यात, भाऊ अंथरुणात, आई खुर्चीत. घरबसल्या आम्ही सगळे, ती सोडून.

स्टेथोस्कोपची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून तिचं एक टोक छातीवर आणि दुसरं कानाशी धरलं. म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात अंतर टाकणारं यंत्र काही आजचं नाही. फक्त तेव्हा नळीची दोन्ही टोकं डॉक्टरच्याच हातात होती. आता नळी कुडाळहून आमच्या खळ्यापर्यंत लांबली आहे आणि हे टोक दुसऱ्या कुणीतरी धरायचं आहे. जाहिरातीत हा दुसरा कुणी कधीच नसतो. हसरे आजोबा, हसरी आजी, हसरा डॉक्टर. फोन हवेत.

तो नसला की काय होतं, हे आम्ही २०२३ च्या पावसाळ्यात बघितलं.

आईला खोकला झाला. कुडाळचे डॉक्टर लग्नासाठी बाहेरगावी होते. भावाने तिकडून एका ॲपवर तासाभरात दुसऱ्या डॉक्टरची वेळ मिळवली. (ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच्या जागी दुसरं असतं तरी वेगळं झालं असतं असं नाही.) दिवस लावणीचे, वहिनी शेतात. आईने फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि नेहमीप्रमाणे पावडर लावून बसली. डॉक्टर कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातले, हिंदीतून बोलणारे. आईचं हिंदी म्हणजे टीव्हीवरच्या मालिकांपुरतं. चार मिनिटं. खोकला किती दिवस? तीन. ताप? नाही. कफ? नाही. हृदयाचा त्रास आहे हे भावाने फॉर्ममध्ये लिहिलं होतं, पण ते कुणी उघडून बघितलं असावं असं वाटत नाही. अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध, नमस्ते. लगेच भावाच्या फोनवर प्रश्न आला, सेवा कशी वाटली, तारे द्या. त्याने पाच दिले. द्यायलाच हवे होते. वेळेवर आले, गोड बोलले, चिठ्ठी ताबडतोब. ताऱ्यांना एवढंच मोजता येतं.

दोन रात्रींनी वहिनी सहज डोकावली तर आई बसून झोपलेली. भिंतीला तीन उशा लावून. वहिनीने वही काढली. चार दिवसांत वजन तीन किलो वर. नडगीवर अंगठा ठेवला तर, तिच्याच शब्दांत, “पीठ नाय ता, चिखल.” रात्री दहाला तिने मला फोन केला, मी डॉक्टरांना केला, आणि ते लग्नघराच्या गच्चीवरून व्हिडिओवर आले. मागे सनई चालू होती. त्यांनी आईला सांगितलं, एका दमात आकडे म्हणत जा, वीसपर्यंत. आई आठवर थांबली. ऑक्सिमीटरवर ८९. ते म्हणाले, “आता व्हिडिओ पुरे. गाडी काढा.”

सिंधुदुर्गातल्या माणसाला गाडी काढा म्हणजे कुठे, हे विचारावं लागत नाही. वर्षानुवर्षं मोठं दुखणं म्हटलं की आमची गाडी गोव्याच्या दिशेला, बांबोळीला वळते. पाच दिवस आई तिथे होती. शिरेतून औषध देऊन पाणी काढलं आणि ती घरी आली. खोकला फुप्फुसातल्या पाण्याचा होता.

यात मला सांगायचंय ते असं. पहिली भेट व्हिडिओवर झाली, दुसरीही व्हिडिओवरच झाली. फोन तोच, खळं तेच, रेंजही तेवढीच. तेव्हा ‘ऑनलाइन उपचार चांगले की वाईट’ हा जो वाद लग्नाकार्यात सुरू होतो, त्यात मला आता काही दम वाटत नाही. दुसऱ्या वेळी पलीकडे आईला अनेकदा हात लावून तपासलेला डॉक्टर होता, आणि अलीकडे काय बघायचं ते ठाऊक असलेलं माणूस होतं. पहिल्या वेळी दोन्ही नव्हते.

गंमत म्हणजे नियम करणाऱ्यांना यातला निम्मा भाग कळलेला आहे. आपल्याकडे दूरवैद्यकाचे प्रयोग खूप जुने. आंध्रातल्या आरगोंडा गावात २००० साली अशी सोय सुरू झाली, पुढच्या वर्षी इस्रोने उपग्रहावरून रुग्णालयं जोडायला घेतली. पण साध्या डॉक्टरने फोनवर औषध सांगावं की नाही, याचा स्पष्ट नियम वीस वर्षं नव्हता. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात, रुग्णाला न तपासता फोनवरून उपचार सांगण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर आमचे डॉक्टर फोनवर “या आणि दाखवा” याखेरीज काही बोलत नसत. त्यांचं तरी काय चुकलं?

मग २५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मी ती वाचली आहेत. (हो, मी अशा गोष्टी वाचते. नवरा हसतो.) त्यात पहिली भेट आणि फेरभेट असा फरक केलेला आहे. त्याच डॉक्टरने त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत तुम्हाला समोर बसवून तपासलेलं असेल, तर ती फेरभेट, आणि तेव्हा त्याला फोनवर जास्त औषधं लिहिता येतात. अनोळखी डॉक्टरला पहिल्या भेटीत कमी, आणि तीही बहुतेक व्हिडिओ असेल तरच. झोपेच्या-नशेच्या वर्गातली काही औषधं कुणीच फोनवर लिहायची नाहीत. यंत्राने, म्हणजे आजच्या भाषेत एआयने, रुग्णाला परस्पर सल्ला किंवा चिठ्ठी द्यायची नाही, डॉक्टरला मदत केली तर चालेल. मला हे सगळं शहाणपणाचं वाटतं. भावाला शेवटचं कलम मान्य नाही. तो आईचे रिपोर्ट चॅटबॉटला घालून तीन-तीन पानं पाठवतो. डॉक्टर बिचारे वाचतात, आणि एकदा तर म्हणाले, “यातला चौथा मुद्दा चांगला आहे, पण पाय कसे आहेत?”

याच तत्त्वांमध्ये काळजी घेणाऱ्या माणसाचाही उल्लेख आहे. पण कसा? रुग्णाच्या वतीने बोलायला त्याला अधिकार आहे का, लेखी संमती कधी लागेल, एवढाच. त्याने हात लावून काय बघायचं, ते त्याला कुणी शिकवायचं, याबद्दल काही नाही. आरोग्य कर्मचाऱ्याचा विचार वेगळा आणि जास्त नीट केला आहे. सरकारच्या ई-संजीवनीत ते दिसतंही. एप्रिल २०२० पासून तिच्यावर घरून थेट डॉक्टर गाठायची सोय झाली, पण मूळ कल्पना २०१९ ची, उपकेंद्रावर. तिथे रुग्णाच्या शेजारी प्रशिक्षित समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो, तोच बीपी बघतो, तोच सांगतो, आणि पडद्यावर मोठ्या ठिकाणचा डॉक्टर. फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा आकडा पार झाला. तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की लाभ घेणाऱ्यांत बायका निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, आणि ज्येष्ठ नागरिक साधारण १२ टक्के. पहिला आकडा वाचून मला बरं वाटलं. घरच्या पुरुषाला वेळ मिळेपर्यंत स्वतःचं दुखणं दाबून ठेवणाऱ्या किती बायका मी बघितल्या आहेत. दुसरा वाचून आई आठवली. उपकेंद्रापर्यंत चालत जाता येत असतं तर तिला पडदा लागलाच नसता.

काही दुखणी मात्र अशी आहेत की तिथे पडदाच बरा. मनाचं दुखणं घ्या. छोट्या गावात मनोविकारतज्ज्ञाच्या दारातल्या बाकावर बसणं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर बातमी. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तो कुणाकुणाच्या कामी आला ते मला दोन ठिकाणी जवळून माहीत आहे. याहून जास्त लिहीत नाही. मधुमेहाची साखर, थायरॉइडचा रिपोर्ट, कातडीवरचं चट्ट्याचं चित्र, यांसाठी दिवस मोडून तालुक्याला जायची खरोखर गरज नसते.

आणि एक, जरा कानउघाडणी. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर “फक्त एक विचारायचं होतं” असं म्हणून रात्री अकराला चार रिपोर्ट पाठवायचे आणि पैशाचं नाव काढायचं नाही, ही आपल्या घराण्याची सवय आहे. (कोण ते लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल.) फोनवरच्या सल्ल्याची फी घ्यायला डॉक्टरांना पूर्ण मुभा आहे. आम्ही दर मंगळवारी बोलणं संपलं की यूपीआयने फी पाठवतो. पहिल्यांदा त्यांना संकोच वाटला. आता मंगळवारी अकराची वेळ ते आमच्यासाठी राखून ठेवतात.

पण डॉक्टरांची फी ठरली, ॲपची ठरली, ऑक्सिमीटरची किंमत पाकिटावर छापलेली असते. वहिनीच्या वीस मिनिटांचं काय, रोजच्या वजनाचं काय, त्या रात्री डोकावली त्याचं काय? पैशाचं मी एकदा काढलं तर ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. तेव्हा पैसे नकोत, मान्य. पण निदान शिकवा तरी. बांबोळीहून सोडताना हातात कागदांचा गठ्ठा मिळाला, गोळ्यांचा तक्ता मिळाला, आणि एका परिचारिकेने, स्वतःहून, वहिनीला बाजूला घेऊन अर्धा तास शिकवलं. अंगठा कुठे दाबायचा. उशा मोजायच्या, एकीच्या दोन झाल्या तर सांगायचं. श्वास मोजताना आईला सांगायचं नाही, नाहीतर ती नीट घेऊन दाखवते. हा अर्धा तास घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या माणसाला मिळायला हवा, कागदावर सही घेतात तसा सक्तीने. आणि ॲपवाल्यांनी कार्डाचा नंबर विचारायच्या आधी विचारावं की रुग्णाजवळ आत्ता कोण आहे. कुणी नाही असं उत्तर आलं आणि माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचं असलं, तर बोलणं पुढे नेऊ नये, जवळची उपकेंद्रं दाखवावीत. धंदा थोडा कमी होईल. होऊ दे.

गेल्या महिन्यात एक झालं ते सांगते आणि थांबते. आईचं सगळं बघून झालं होतं, पीठ चपातीचं होतं, मंडळी खुश. यंत्राचा पट्टा गुंडाळणाऱ्या वहिनीला डॉक्टर म्हणाले, “तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलंत?” वहिनी हसली. “माजा कित्याक?” ते म्हणाले, पट्टा लावा. १६४ वर ९८. पाच मिनिटांनी परत लावला, तेवढंच. वहिनी अठ्ठावन्न वर्षांची आहे. मुलगा मुंबईला, चुलतभावाला चष्म्याशिवाय यंत्रावरचे आकडे दिसत नाहीत. डॉक्टरांनी तिला कुडाळला बोलावून नीट तपासलं, गोळी सुरू केली, आणि आता मंगळवारी आईनंतर तिचा नंबर असतो.

तेव्हा फोन आई धरते. तिचा अंगठा कॅमेऱ्यावर येतो, आम्हाला अर्धा वेळ काळोख दिसतो, आणि त्या काळोखातून ती डॉक्टरांना ठणकावून सांगत असते की हिला मीठ कमी करायला सांगा, माझं ऐकत नाही.